गबाळं राहिलं मोखाड्यात

गबाळा माणूस स्वतःला गबाळा कधीच म्हणत नाही. तो स्वतःला साधा म्हणतो. मीही बरीच वर्षं साधा आहे. शर्टाची बटणं लावताना माझी सुरुवात बहुधा एक घर चुकते, त्यामुळे वर एक काज उरतं, खाली एक बटण उरतं आणि दिवसभर ती दोघं एकमेकांना लांबून बघत राहतात. माझं कपाट उघडायचं तर आधी गुडघा दाराला लावून उभं राहावं लागतं. आत काय आहे हे मला नेमकं ठाऊक असतं. सगळं आहे. कुठे आहे, एवढाच प्रश्न असतो.

शाळेत असताना इंग्रजीच्या सरांनी माझ्या वहीवर लाल शाईनं शेरा मारला होता, ‘वर्क डन अनटायडिली’. खाली पालकांची सही हवी होती. वडिलांचं इंग्रजी रेल्वेच्या वेळापत्रकापुरतं. त्यांनी अर्थ विचारला. मी शब्दाची फोड करून सांगितली: टाय म्हणजे बांधणं, अन म्हणजे नाही, तेव्हा अनटायडिली म्हणजे हात न बांधता, मोकळेपणानं. वडील खूश झाले, सही ठोकली आणि शेजारच्या काकांनाही ऐकवलं. पुढे सर बाजारात भेटले तेव्हा वडिलांनी त्यांचे आभार मानले. म्हणाले, “तुमच्या कृपेनं पोरगं आता घरीसुद्धा सगळं अनटायडिलीच करतं.” त्या संध्याकाळी घरी जे घडलं ते मात्र फार टापटिपीनं घडलं. शब्द तेव्हापासून आमच्या घरात राहिला. माझ्या भाच्यापर्यंत तो वारशानं आलाय.

मोठेपणी वाचन वाढलं आणि बचावाचे साक्षीदार मिळाले. पहिला आइन्स्टाइन. 18 एप्रिल 1955 ला तो गेला, त्याच दिवशी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या राल्फ मोर्सनं त्याच्या प्रिन्स्टनमधल्या टेबलाचा फोटो काढला. टेबलावर कागदांचा आणि वह्यांचा तो काय पसारा! हा फोटो मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तो आतल्या आतच कुठेतरी पडला. दुसरा साक्षीदार फ्लेमिंग. सप्टेंबर 1928 मध्ये तो सुट्टीवरून परतला, तर तशाच सोडून गेलेल्या एका बशीत बुरशी आलेली. त्या बुरशीतून पेनिसिलिन निघालं. मीही बशा तशाच सोडून सुट्टीवर गेलोय. परतल्यावर बुरशी होती. ती फ्लेमिंगच्या बुरशीहून कमी प्रतीची असेल असं मला वाटत नाही. पण ती आधी बायकोनं बघितली, आणि विज्ञानाचं तिथंच नुकसान झालं.

माझा आणखी एक सिद्धांत होता. टापटीप ही शहराची भानगड आहे. लिफ्टमध्ये आरसा असतो, हपिसात साहेब असतो, म्हणून माणूस भांग पाडतो. जंगलात काय आहे? पळस काय ओळीत फुलतो? नदी काय पट्टी लावून वाहते? तेव्हा आपल्यासारख्याचं खरं घर डोंगरात. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात शाळेवर शिक्षक असलेल्या भाच्याचा फोन आला, “मामा, होळीला ये. बोहाडा दाखवतो,” तेव्हा मला वाटलं, चला, शेवटी आपल्या माणसांत चाललो.

बॅग मी नेहमीच्या पद्धतीनं भरली. म्हणजे कपाटाचं दार उघडलं, बॅग खाली धरली आणि जे आलं ते घेतलं. त्यात तीन शर्ट आले, एक मफलर आला (मार्च महिना), दोन वेगवेगळ्या जोड्यांतले मोजे, बरीच जुनी कात्रणं आणि बायकोचा एक स्वेटर. बॅगेची चेन गेल्या दिवाळीपासून अर्ध्यावर अडते. उरलेल्या अर्ध्याला मी पायजम्याची नाडी बांधली. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “तिकडं कुणी ओळखीचं नाही ना?” मला वाटलं, तिला माझी काळजी वाटतेय.

मुलुंडहून कसारा लोकल, कसाऱ्याहून खोडाळ्याची जीप. या जीपमध्ये किती माणसं बसतात हे विचारायचं नसतं, अजून किती बसतील हे विचारायचं असतं. पण तिथं मी पहिल्यांदा गोंधळलो. मला वाटलं होतं कोंबाकोंबी असेल. ती नव्हती. पोतं कुणाच्या पायाखाली, टोपली कुणाच्या मांडीवर, लहान पोर कुठल्या कोपऱ्यात, सगळं ठरलेलं. टपावर पत्रे आणि एक खाट दोरखंडानं अशी आवळली होती की वळणावळणाला मी हलत होतो, खाट हलत नव्हती. विहीगाव मागे पडलं आणि माझी नाडी सुटली. बॅगेची. पहिल्या वळणाला मोजे गेले, दुसऱ्याला मफलर. मागच्या बाकावरून एकेक वस्तू हातोहात पुढे यायला लागली. कात्रणं तर एकाआड एक माणसानं वाचून पुढे पाठवली. “हा स्वेटर बाईचा आहे,” असं कुणीतरी मागून सांगितलं, आणि सगळी जीप काही न बोलता माझ्याकडे बघायला लागली. खोडाळा येईपर्यंत मी वैतरणेचं खोरं बघत बसलो. खोरं सुंदर आहे.

हा सगळा रस्ता ज्या थळ घाटाच्या शेजारून जातो, तिथलीच एक गोष्ट बॉम्बे गॅझेटियरनं नोंदवली आहे. मुकणे गावी जयबा मुकणे नावाच्या कोळी सरदाराची लहानशी मातीची गढी होती. पिंपरीच्या देवस्थानात गोसाव्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून आशीर्वाद दिला. मग तो पेठ आणि धरमपूरवरून सुरतेकडे आणि पुढे काठेवाडला गेला, तिथं सात वर्षं राहिला आणि परत येऊन जव्हारच्या नायकाकडे त्यानं फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. नायक हसला असणार. हो म्हणाला. जयबानं कातडं बारीक वादीत कापलं, वादी पसरत नेली आणि मुख्य किल्लाच तिच्या आत घेतला. त्याच्या मुलाला पुढे दिल्लीच्या दरबारातून किताब मिळाला, तो दिवस 5 जून 1343. जव्हार संस्थाननं त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा वसूल असलेलं राज्य.

ही गोष्ट सगळे जण हुशारीची म्हणून सांगतात. मी ती ऐकल्यापासून मला फक्त वादी दिसते. एकसारखी, न तुटता, कडेपर्यंत! मी दुधाची पिशवी कापली की दूध ओट्यावर जातं. लग्नातल्या आहेराचं पाकीट फोडताना मी एकदा आतली नोटच फाडली आहे. तेच कातडं माझ्या हाती दिलं असतं तर तिसऱ्या फटक्याला वादी तुटली असती, आणि संस्थानची हद्द एका खाटेपलीकडं गेली नसती. पाचशे-सहाशे वर्षांचं राज्य कात्री चालवणाऱ्याच्या हातावर उभं होतं, हे इतिहासाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

भाचा खोडाळ्याला मोटारसायकल घेऊन आला होता. त्यानं बॅगेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “मामा, अनटायडिली आलास.”

त्याची खोली एका वारली कुटुंबाच्या घराला लागून होती. त्या घरी मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि दारातच चप्पल कुठं काढावी ते कळेना, इतकं अंगण स्वच्छ. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीनं लिंपलेल्या. जमीन ताजी सारवलेली, बोटांच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून. आडव्या बांबूच्या दांडीवर सगळ्या घराचे कपडे. सगळ्या घराचे, आणि तरी मोजता येतील इतके. कोपऱ्यात धान्याची कणगी, आढ्याला शिंकाळं, दाराशी खुंटीला कमरेची आकडी आणि आकडीत कोयता. आकडी म्हणजे लाकडाचा हूक, दोरीनं कमरेला बांधायचा. कोयता त्यात मागे अडकतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एकच कोयता, एकच जागा. अंधारात हात घातला तरी सापडेल. माझ्या घरी तीन कात्र्या आहेत. तिन्ही मिळून एक सापडत नाही.

सिद्धांताला तडा गेला तो तिथंच. मला उगाच वाटत होतं की ज्याच्याकडं कमी आहे तो निष्काळजी असेल. कमी आहे म्हणूनच तर प्रत्येक वस्तूला जागा लागते. किल्ली हरवायची तर दुसरी किल्ली घरात असावी लागते. शर्टावर वरण सांडायचं तर दुसरा शर्ट इस्त्रीला असावा लागतो, आणि इस्त्रीला टाकणारं कुणीतरी दुसरं लागतं. माझा साधेपणा बराच खर्चिक होता. फक्त बिल माझ्या नावानं येत नव्हतं.

आता बॅगेकडं येतो. भाच्याच्या खोलीत उकाडा होता म्हणून मी बॅग ओटीवर ठेवली, सवयीनं उघडीच. जेवून येऊन बघतो तर बॅगेत एक तांबूस कोंबडी बसलेली. मी “हूश” म्हणालो. तिनं मान फुगवली. मी जरा जवळ जाऊन “हूश” म्हणालो. ती कपड्यांत आणखी खोल गेली. घरातली आजी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिनं सगळा प्रकार बघितला आणि तिचा चेहरा उजळला. ही कोंबडी खुडूक झाली होती. टोपलीत बसवली तर बसत नव्हती, पेंढ्यात बसवली तर उठून जात होती. घरातली एकूण एक जागा तिनं नापसंत केली होती.

“तिला तुझी जागा आवडली,” आजी मला म्हणाली. वारली म्हातारी माणसं कुणालाही तूच म्हणतात, राजालाही म्हणत असतील. “बसू दे तिला.”

“आजी, माझे कपडे आहेत त्यात.”

“कपडे?” आजीनं वाकून आत बघितलं. खरंच विचारत होती.

अंधार पडल्यावर तिनं आतून अंडी आणली आणि एकेक करून अलगद कोंबडीच्या पोटाखाली सारली. रात्रीच सारायची असतात, मग कोंबडी कटकट करत नाही. माझा निळा शर्ट एका बाजूनं वर आला होता, तो तिनं आत खोचला, मफलर गोल करून कडेला लावला आणि मोजे भोकात बसवले. त्या बॅगेत इतक्या विचारानं सामान आजवर कुणी लावलं नव्हतं. कोंबडी एकवीस दिवस बसणार होती. मी सोमवारी हपिसात जाणार होतो.

रात्री सगळे निजल्यावर मी निदान एक शर्ट काढावा म्हणून बॅटरी घेऊन गेलो. कोंबडी जागी होती. बोटाला पट्टी भाच्यानं बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपयोगी पडायचं ठरवलं. हे मी फार क्वचित ठरवतो आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. पहाटेच मोहाखाली बायका फुलं वेचायला गेल्या होत्या. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात, म्हणून झाडाखालची जमीन आधीच साफ करून ठेवतात, म्हणजे फूल पाल्यात हरवत नाही. इथं झाडाखालचं जंगलसुद्धा झाडलेलं होतं. नदी पट्टी लावून वाहत नाही हे मी म्हणालो होतो, ते तेवढं खरं निघालं. तिकडून परतताना माझे पाय धुळीनं माखले. ओट्यावर चार हंडे भरून झाकून ठेवलेले. मी एकाचं झाकण काढलं, दोन्ही पायांवर भरभरून पाणी घेतलं, चूळ भरली, तोंड धुतलं आणि उरलेलं, हंडा जड वाटला म्हणून, अंगणात उपडं केलं.

कुणी काही बोललं नाही. घरातली सून आतून आली, तिनं रिकामा हंडा बघितला, चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा उचलला आणि उतारानं खाली निघाली. विहीर खाली होती. मी तिच्या मागे निघालो. परत येताना भरलेली कळशी माझ्या हातात होती. तिच्या डोक्यावर दोन हंडे, एकावर एक, आणि थेंब सांडत नव्हता. माझी कळशी वर पोचेपर्यंत अर्धी झाली. उरलेली पँटवर होती.

मोखाड्यात पाऊस पडत नाही असं नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, मुंबईच्या तोडीचा. पण खाली काळा पाषाण, वर तीव्र उतार. पडला की निघाला. होळी झाली की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि पुढे पाड्यापाड्यावर टँकर येतात. आणि याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. 102 मीटर उंच, 2014 मध्ये पुरं झालेलं, दिवसाला 455 दशलक्ष लिटर पाणी देणारं. देणारं मुंबईला. म्हणजे मला. मुलुंडला मी दाढी करताना नळ चालू ठेवतो, कारण नळाचा आवाज असला की मला विचार सुचतात. ते विचार कोचाळ्यावरून येत होते, हे मला कळशी उचलल्यावर कळलं. सुनेनं परत येऊन तो हंडा बरोबर आधीच्याच जागी ठेवला, झाकण घातलं आणि मला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा घशाखाली उतरेना.

भिजलेली पँट वाळत घातली. अंगात प्रवासाचा शर्ट, त्यावर चूळ भरल्याच्या खुणा. भाच्याची पँट मला मांडीपर्यंत चढली आणि तिथं थांबली. शेवटी घरातल्या मुलानं आपली लुंगी दिली. लुंगी नेसायचं एक तंत्र असतं, ते मला येत नाही. मी ती गुंडाळतो आणि नंतर आशा धरतो. दोनदा सुटल्यावर त्यानं खुंटीवरची आकडी काढली, कोयता बाजूला ठेवला आणि आकडीची दोरी माझ्या कमरेला आवळली. लाकडी हूक मागे तसाच राहिला. “आता नाही पडणार,” तो म्हणाला. नाही पडली.

त्या अवतारात मोटारसायकलवर जव्हारला गेलो, शर्ट घ्यायला. जव्हारला ठाण्याचं महाबळेश्वर म्हणतात, पण 1 ऑगस्ट 2014 पासून ते ठाणे जिल्ह्यात नाही, पालघरमध्ये आहे. उपमा मात्र जुन्या पत्त्यावरच राहिली. जयविलास राजवाड्यापाशी थांबलो. झाडीतून वर येणारी ती घुमटांची दगडी इमारत बघताना भाचा सांगत होता, इथले शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, आणि 1962 मध्ये ते भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. हवाई दलातल्या गणवेशाची घडी माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी हूक जरा बाजूला सरकवला. सहलीला आलेल्या एका कुटुंबानं मला राजवाड्याची वेळ विचारली. मी माहीत नाही म्हणालो. तर आई मुलाला म्हणाली, “माळीकाकांना माहीत नाही, चल.”

बाजाराच्या वाटेवर एक चित्रकार वारली चित्रं काढत बसला होता. तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूची टोकाशी चावून मऊ केलेली काडी, गेरूची पार्श्वभूमी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस, चार काड्या ओढल्या की नाचायला लागतो. जिव्या सोमा म्हसे यांनी हीच कला लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला वाटलं, दोनच तर त्रिकोण. त्यानं काडी दिली. माझा वरचा त्रिकोण खालच्या त्रिकोणाच्या खांद्याला लागला. चित्रकार बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं शेजारी एक ताडीचा माठ काढून दिला, म्हणजे बघणाऱ्याला कारण समजावं.

शर्ट घेताना मी घाई केली, हे वेगळं सांगायला नको. दुकानदार घडी उलगडून दाखवत होता, मी “असू दे, असू दे” म्हणत पैसे देत होतो. घरी येऊन घातल्यावर दिसलं की शर्ट लाल, चकचकीत, आणि दोन्ही खांद्यांवर सोनेरी झालर. लग्नातल्या बँडवाल्यांसाठी शिवलेल्या गठ्ठ्यातला उरलेला असणार. बदलायला परत जायचं तर संध्याकाळ झालेली, आणि रात्री बोहाडा.

बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. होळीच्या सुमारास सुरू होतो आणि मग या भागात गावोगाव होत राहतो. रात्रभर संबळ वाजतो, टेंभ्यांच्या उजेडात एकेक देव, दानव, राक्षसीण मुखवटा चढवून नाचत येते. आधी गणपती, सारजा. मग भीम, नरसिंह, रावण, त्राटिका. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, जव्हारकडच्या कारागिरांचा त्यात हात धरणारं कुणी नाही. कितीतरी सोंगांचा मान ठरलेल्या घरांकडं असतो. आजोबांनी नाचवलेला नरसिंह नातू नाचवतो.

मी एका सोंगाची तयारी बघत उभा होतो. एक म्हातारा आणि दोन तरुण त्या सोंगाला सजवत होते. आधी डोक्याला फडकं, मग गादी, मग मुखवटा, मग दोऱ्या. म्हातारा प्रत्येक गाठ बांधून ओढून बघायचा आणि पुन्हा बांधायचा. मुखवटा जड, समोरचं दिसतं ते दोन भोकांतून, आणि वरून संबळाच्या तालावर घुमायचं. एक गाठ सैल राहिली तर चारचौघांत देवाचं तोंड खाली. सांगायचं म्हणजे, मी आयुष्यात बांधलेली कुठलीच गाठ त्या म्हाताऱ्याच्या हाताखालून पास झाली नसती. पायजम्याची तर नाहीच.

तेवढ्यात हातात कागद घेतलेला एक जण माझ्याकडं आला. त्यानं मला खाली-वर बघितलं: झालरीचा लाल शर्ट, लुंगी, मागे लाकडी हूक, बोटाला पट्टी, डोक्याला थंडी वाजू नये म्हणून भाच्याचा टॉवेल. अगदी आदरानं म्हणाला, “तुमचं सोंग कधी?”

“माझं सोंग नाही.”

“मुखवटा कुठाय?”

“हा चेहरा आहे.”

त्यानं कागदावर वरून खाली बोट फिरवलं. माझ्यासारखं काही सापडेना. एव्हाना पोरं जमली होती आणि त्यांच्यात वाद सुरू झाला होता. एक म्हणे रावणाचा मामा, दुसरा म्हणे बकासुराचा गाडीवान. एका चिमुरडीनं सगळ्यांना गप्प केलं. “त्राटिकेचा नवरा आहे,” ती म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. कागदवाल्यालाही पटल्यासारखं दिसलं. संबळवाल्यानं माझ्याकडं बघून दोन थापा टाकल्या. मागून कुणीतरी ढकललं आणि मी उजेडात आलो.

मी नाचलो. दुसरं काय करणार? नाच कसला, लुंगी धरून चार गिरक्या. आकडीनं लाज राखली. लोक हसत होते, पण वाईट हसत नव्हते. सोंगाला हसावं तसं हसत होते. भाचा दोन शिक्षकांच्या खांद्यावर मान टाकून रडत होता, म्हणजे मला आधी तसं वाटलं. खरी त्राटिका माझ्यामागे उभी होती. तिला तिच्या पाळीची वाट बघावी लागली म्हणून ती चिडली होती की तेही सोंगच होतं ते मला मुखवट्यामुळं कळलं नाही. मी बाजूला झालो. पहाटे जगदंबेनं महिषासुराला मारलं तेव्हा त्या पोरीनं मला विचारलं, “तुझी बायको मेली का?” मी म्हणालो, नाही, मुलुंडला असते.

रविवारी निघालो. पँट वाळली होती, तिला सुनेनं हातानं दाबून घडी घातली होती. शर्ट झालरीचा. बॅगेत कोंबडी. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आजीनं दिलेली नाचणी आणि मोहाची वाळलेली फुलं, तोंड दोरीनं बांधलेलं. कसाऱ्यापर्यंत जीपमध्ये माझं काहीही सांडलं नाही. सांडण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

बायकोनं दार उघडलं. झालर बघितली, पट्टी बघितली.

“बॅग कुठाय?”

“अंड्यांवर बसलीय.”

तिनं अजून काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, “माझा स्वेटर होता त्यात,” आणि आत गेली. एवढ्या वर्षांत मी नेमकं काय, कुठं ठेवलंय हे मला पहिल्यांदाच ठामपणे सांगता आलं, आणि ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. अकरापैकी नऊ अंडी फुटली होती. आजीच्या म्हणण्यानं इतकी चांगली रवण कित्येक वर्षांत झाली नव्हती. मी विचारलं, मग बॅग कधी पाठवतोस? कपडे धुऊन, घड्या घालून दांडीवर ठेवलेत, तो म्हणाला, स्वेटरसुद्धा, ते पाठवतो. पण बॅगेचं जरा अवघड आहे. कालच शेजारची एक काळी कोंबडी खुडूक झाली आणि थेट तिच्यातच जाऊन बसली, आता कुणी उठवायला तयार नाही.

“आणि मामा,” तो म्हणाला, “आजी विचारतेय, तुझ्याकडं अजून एखादी अशी बॅग आहे का? पाठवलीस तर भरूनच पाठव म्हणते. तू भरतोस तशी तिला जमत नाही.”